गोदावरीच्या वाळवंटातला काता
कपड्यांना नीळ घालताना तिच्या वासानं मला पुणतांब्याचं ते वर्ष आठवतं. एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल, माझं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे हे शाळेत मास्तर. दर रविवारी नगरला जायचे, रोज पहाटे नदीवर जायचे, आणि एक पांढरा जोड स्वतःच धुऊन नीळ घालायचे. विचारलं तर म्हणायचे, "व्यायाम." शेजारीण म्हणाली, "लक्ष ठेव गं, असला व्यायाम कुनी करत न्हाई." म्हणून एका पहाटे मी मागोमाग गेले आणि बाभळीआड उभी राहिले. वाळवंटात समोर कोणी नसताना हे कमरेत वाकले आणि हातापायांनी हवेशी झुंजू लागले. बाधाच झाली म्हणायची! मग मी रोज लपून पाहू लागले. शेवटी एका रविवारी हट्टानं यांच्याबरोबर नगरला गेले. तिथे हे कराटे शिकत होते, आणि त्या दिवशी स्पर्धा होती; पांढरा जोड त्याचाच गणवेश. हवेशी ठरलेल्या क्रमानं करायच्या या झुंजीला काता म्हणतात, हे तेव्हा कळलं. तरी माझी नजर हॉलमध्ये कुणी बाई दिसते का तेच शोधत होती. यांची पाळी आली आणि हे मध्येच थांबले. पुढचं आठवेना. यांनी माझ्याकडे पाहिलं, तसा माझा डावा हात आपोआप कपाळापर्यंत गेला. हे डावीकडे वळले आणि काता पुरा केला. नंबर काही आला नाही. परतताना एसटीत यांनी विचारलं, "तुला कसं ठाऊक?" "रोज बघत हुते, बाभळीआडून." "कशापायी?" "तुमचा भरवसा नव्हता." दुसऱ्या पहाटे हे मला हलवून म्हणाले, "चल, आता समोर बसून बघ." यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तो काता मला अजून शेवटपर्यंत येतो.