सगळ्यांना एकेक मग

शंकरराव इंगोले चौतीस वर्षं रेल्वेत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं नि किती वाजता गेलं, एवढंच त्यांनी जन्मभर लिहिलं. माणूस लंगडत येवो की पळत येवो, आठची हजेरी म्हणजे आठची. त्यामुळे पौषात बायको जिन्यावरून पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं आणि गच्चीवरच्या बत्तीस कुंड्या यांच्या गळ्यात आल्या, तेव्हा तिथेही त्यांनी तोच कायदा लावला. सकाळी सातला प्रत्येक कुंडीला एक मग पाणी. सब घोडे बारा टक्के.

झाडं काही रेल्वेची नोकर नव्हती. कोरफडीच्या चारही कुंड्यांना थंडीत रोज मगभर पाणी मिळालं. त्यातल्या तीन बुडाशी कुजून बसल्या. जास्वंदीला चैत्रातल्या उन्हातही तेवढंच मिळालं. तिने आधी कळ्या गाळल्या, मग पानं. गुलाबाच्या पानांवर बीरगांवच्या कारखान्यांची काळी धूळ बसत राहिली. बायको, म्हणजे पद्मिनीबाई, ती ओल्या फडक्याने पुसायच्या, हे यांच्या गावीही नव्हतं. मोगऱ्याचं पाणी माघात तोडावं लागतं, पानं काढून फांद्या छाटाव्या लागतात, तेव्हा कुठे तो वैशाखात फुलतो. त्याला कुणी छाटलंच नाही. तो नुसत्याच काड्या वाढवत बसला आणि ऊन चढल्यावर करपला. शेवंती वाळून गेली. सदाफुली तेवढी जगली. पण ती कुंडीत कमी आणि गच्चीच्या भेगेत जास्त. आणि नौबजिया. सकाळी नऊला उमलायचं नि दुपारी मिटायचं, असं हे झाड. बत्तीस कुंड्यांत शंकररावांचं पटलं ते एवढ्या एकाशीच.

बरं, पाणी घालणं हे दिवसातलं पहिलं काम. मग चहा, बायकोचं तोंड धुणं, पॉट काढणं, कुकर, गोळ्या, पुन्हा पॉट. मुलगी शर्मिष्ठा नागपूरहून रोज फोन करायची आणि बाई ठेवा म्हणायची. दोन ठेवून झाल्या होत्या. एक आठवडाभर टिकली, दुसरी तेवढीही नाही. जिन्याला तेवीस पायऱ्या होत्या आणि शंकररावांचे गुडघे एकाहत्तर वर्षांचे होते. बादली घेऊन वर पोचलं की ते टाकीला टेकून नुसते उभे राहत. थकले होते ते, अगदी हाडापर्यंत. कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण बिछान्यात ते नव्हते, बायको होती.

डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलंय, आता त्यांनी रोज चाललं पाहिजे. उमेद गेली तर अंथरूण धरतील. आणि पद्मिनीबाईंची सगळी उमेद गच्चीवर होती. सकाळी शंकरराव खाली आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"शेवंती कशी आहे?"

"फुलून राहिली."

"अन् मोगरा?"

"कळ्या धरून राहिला."

"किती?"

"लय आहे. मोजू का आता?"

मग त्या "बरं" म्हणायच्या आणि वॉकर मागायच्या. शंकररावांच्या हाताला धरून खिडकीपर्यंत दोन फेऱ्या मारायच्या. त्या दोन फेऱ्यांसाठी शंकरराव रोज खोटं बोलले. चौतीस वर्षांत ज्याने एकाची हजेरी पाच मिनिटांनी खोटी लिहिली नाही, तो माणूस मेलेल्या झाडांना फुलं लावत होता. एकदा बोलायला लागल्यावर ते वाढवायचेही. पिवळी किती, पांढरी किती, कोणत्या फुलावर भुंगा आला.

वैशाखात एका सकाळी त्या म्हणाल्या, "आता मी जिना चढून पाहीन म्हणते. पुढच्या हप्त्यात."

दुपारी त्या झोपल्यावर शंकरराव डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर नर्सरीत गेले आणि म्हणाले, "शेवंती दिखाओ. फूलवाली."

नर्सरीवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबूजी, मई में शेवंती? वो तो ठंड की चीज है. अगहन में आना."

"अभी एक भी फूल नहीं मिलेगा?"

"किसी के घर नहीं मिलेगा."

शंकरराव तिथल्याच बाकावर बसले. म्हणजे फाल्गुन, चैत्र, वैशाख असे तीन महिने ते रोज उठून जिला शेवंतीची फुलं सांगत होते, ती बाई तीस वर्षं शेवंती लावत आली होती.

घरी आले तेव्हा पद्मिनीबाई जाग्या होत्या. शंकररावांनी चप्पलही काढली नाही.

"तुले माहीत होतं?"

"काय?"

"शेवंतीचं."

"शेवंतीचं कशाले. मोगरा फुलला असता तं जिन्यातून वास आला असता. दरसाल येते."

"मंग काहून विचारत होती रोज?"

"तुम्ही वरून आले की खुर्ची ओढून बसत होते माह्याजवळ. भुंग्याच्या गोष्टी सांगत होते. पहिले 'जेवलो' न 'निघालो', दोनच शब्द होते तुमचे. म्हटलं, सांगून राहिले तं सांगू द्या."

शंकररावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मोगरा मेला, गुलाब मेले, जास्वंद मेली, सगळं त्यांनी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मोगऱ्याचं ऐकताना त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"जिते किती?"

"नऊ."

"आणा खाली. मले वर नाही जाता येत, त्यांले तं खाली येता येते ना."

एवढी साधी गोष्ट चार महिन्यांत त्यांच्या डोक्यात आली नव्हती. हजेरी जिथली तिथेच लागते, असा त्यांचा हिशेब. ऊन उतरल्यावर ते तेवीस पायऱ्या चढले, उरलेली एकुलती कोरफड उचलली आणि तीन ठिकाणी टेकत खाली आले. शेवटच्या पायरीवर थबकले.

खोलीच्या दारात पद्मिनीबाई उभ्या होत्या. वॉकर धरून, एकट्या. पलंगापासून दारापर्यंत त्या चार महिन्यांत कुणाचा हात न धरता आल्या नव्हत्या. पाय थरथरत होते आणि चेहरा घामाने ओला होता.

त्यांनी कोरफडीकडे पाहिलं. बोटाने पानावरची काळी धूळ पुसून पाहिली, माती दाबून पाहिली.

"हिले पंधरा दिवस पाणी नका देऊ," त्या म्हणाल्या. "अन् मधात नका ठेवू कुंडी. माहा पाय अडकते."