हाती घेतलं आहे

आमच्या ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तो शब्द काही मी ऐकला नाही. त्याऐवजी म्हणतात, "बघतो." नळ गळतोय? बघतो. नणंदेचं कपाट हलवायचंय? बघतो. ह्यांचं 'बघतो' म्हणजे 'विसरा', हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

दिवसा हे पाणीपुरवठा कचेरीत संगणक सांभाळतात. सकाळी पाच ते आठ मात्र वेगळाच उद्योग. संगणकाला कामं सांगायची एक भाषा आहे. तिला मालक नाही, कुणाला पगार नाही, जगभरातली माणसं मिळून ती घडवतात. ह्यांनी चौदा वर्षं घातली त्यात. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! पुढे काय करायचं, कसं करायचं, सगळं ह्यांच्या डोक्यात.

मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "कचेरीपुरतं ठीक. घरी सहा महिने कीबोर्डला हात लावायचा नाही. नाहीतर ही बोटं कायमची गेली समजा."

नेमकं तेव्हाच ती भाषा घडवणाऱ्या मंडळींनी ठरवलं, आता सगळं नियोजन उघड करायचं. कुठलं काम कोणाकडे, कुठवर आलं, हे एका बोर्डावर, कुणालाही दिसेल असं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, डोक्यातलं बाहेर आलं की चार हात लागतील आणि हे सुटतील.

बोर्ड केला परक्या मुलखातल्या एका टापटिपीच्या बाईने. लोकांनी सुचवलेल्या कामांना ह्यांनी दिलेली चौदा वर्षांची उत्तरं तिने चाळली. जिथे जिथे ह्यांनी तिच्या भाषेत 'बघतो' लिहिलं होतं, तिथे तिने ह्यांचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'हाती घेतलं आहे'. एक्केचाळीस कामं! मी कपाळावर हात मारून घेतला.

आता रोज कुणीतरी विचारायचं, कुठपर्यंत आलं? हे पहाटे पडद्यासमोर बसायचे, बोटं चोळत, काहीही न करता.

"अहो, तिला कळवा ना, गैरसमज झाला म्हणून. नाव काढा."

"बघतो."

"ते माझ्यापुढे नको हं!"

"अगं, नाव काढलं की चौकट रिकामी. दुसरं कुणीच नाही हे साऱ्या जगाला दिसेल."

"दिसू दे की! त्यासाठीच तर केलाय बोर्ड."

शेवटी रविवारी मीच पुढे झाले. यादीतलं सगळ्यात छोटं, तासाभराचं काम शोधलं आणि ह्यांचं नाव काढून टाकलं. ह्यांनी अडवलं नाही. मग वाट पाहिली. सोमवार गेला, मंगळवार गेला. त्रेसष्ट जण ती चौकट पाहून गेले. आकडा तिथेच दिसतो. 'उघड केलंत ते छान झालं' असं सात जणांनी लिहिलं. नाव कुणी घातलं नाही. मेले सगळे बघे!

गुरुवारी सकाळी चहा घेऊन गेले, तर हे डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत आपलं नाव परत घालत होते. माझ्या रागाचा पारा चढला, आणि रडूही आलं.

"आणि हाताचं काय हो?"

"मी हात लावणारच नाही," हे म्हणाले. "मी सांगतो, तू टाईप कर. एवढं एकच."

मी खुर्ची ओढली. आज नववं काम चालू आहे.