तबकातला नारळ

सोसायटीच्या वर्धापनदिनाला पार्किंगमध्ये माझा एकपात्री प्रयोग होता. खुर्च्या माझ्याकडे तोंड करून मांडल्या होत्या. माणसांची तोंडं मात्र भज्यांच्या टेबलाकडे होती. मी एकटा तीन माणसांचे आवाज काढत होतो आणि चौथा, ऐकणारा, शोधत होतो.

प्रयोग अर्ध्यावर आला आणि नगरसेवक आले. सेक्रेटरींनी माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि शाल-नारळाचं तबक दिलं. "जरा धरा हो, सत्कार उरकून घेऊ."

साहेबांनी बायकोच्या साडीखरेदीवर एक विनोद सांगितला. शिळा म्हणून मी तो कधीच टाकून दिला होता. लोक पोट धरून हसले. एका आजोबांनी तर हातातली बशी खाली ठेवली.

हसू आतून येतं म्हणे! या लोकांचं हसू म्हणजे साहेब आल्यावर खुर्चीतून उठण्यासारखं. आधी माणूस बघायचा, मग दात काढायचे. असल्या लाचारांपुढे आपण घसा फोडतो, या विचाराने मला किळस आली.

तेवढ्यात तबकातला नारळ गदगदा हलायला लागला. बघतो तर मीही हसत होतो.