पांढऱ्या गाडीचा निळा दरवाजा

मंडळी, परवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा डावा दरवाजा चेपला. नवा परवडणारा नव्हता. आज तुमसरच्या कबाडीवाल्याकडून अपघातातल्या गाडीचा निळा दरवाजा आणून बसवला.

मी त्याला विचारलं, "त्या गाडीतले लोक वाचले का जी?"

"मले काय मालूम, भाऊ? मी माणसं नाही इकत."

त्या बाजूला बायको बसते. घरी येऊन तिला सगळं सांगितलं. तिने तेवढ्याच दरवाजाला हळदीकुंकू लावलं.

"पूजा पूर्ण गाडीची करतात," मी म्हटलं.

"घरी नवीन हाच आला ना? अन् ते लोक असतीन तिथं सुखी राहोत," म्हणत ती गाडीत बसली.

पैसे जमल्यावर दरवाजा पांढरा करायचा होता. आता वाटतं, रंगवला तर आपण त्यांना विसरून जाऊ. तुम्ही रंगवला असता का?