दुखरं सड शेवटी

वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांची मनिऑर्डर एखाद्या महिन्यात यायची, एखाद्यात नाही. रत्नागिरीबाहेर कातळाच्या कडेला आमचं घर. भात शिमग्यापर्यंत पुरायचं, पुढे नाचणीची भाकरी आणि पेज. खरं घर चालायचं ते तांबड्या गाईवर. आई पहाटे धार काढायची आणि चरवी डोक्यावर घेऊन मांडवीला रतीब घालायला जायची. माझी फी, पाटी, सदरा, सगळं त्या चरवीतून आलं. हे सांगायची मला लाज वाटत नाही.

गाय दुसऱ्यांदा व्याली आणि कासेची एक बाजू दगडासारखी झाली. दुधात गुठळ्या येऊ लागल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "दृष्ट लागली गो तिला." आईने मीठमिरच्या ओवाळल्या, एरंडाच्या पानांनी शेकलं. सूज उतरली, पावसात पुन्हा आली. पुढे वर्षानुवर्षं हेच. गेलं म्हणावं तर परत हजर. एक सड आटलं, मग दुसरं दुखायला लागलं. खाणं चार सडांचं आणि दूध जेमतेम दोनाचं.

मांडवीच्या एका वकिलीणबाईंनी आईला दारातच सांगितलं, "तुझं दूध तापवलं की नासतं, बाय. उद्यापासून नको." एक घर तुटलं की शेजारचीही तुटायची. आईच्या डोक्यावर चरवीबरोबर विकायच्या लाकडांची मोळी आली. त्या मोळीवर माझं मॅट्रिक झालं.

धार काढायची आईची एक रीत होती, तिच्या आईकडून आलेली. दुखरं सड आधी पिळायचं आणि ते दूध जमिनीवर सोडायचं. "वाईट आधी काढून टाकावं, मग चांगल्याला हात लावावा." ऐकायला शहाणपणाचं वाटायचं.

मी आगबोटीने मुंबईला कॉलेजात गेलो. वडिलांच्या खोलीत राहायचो, फी आईकडून यायची. एकदा वर्गात प्राध्यापक सांगत होते, रोगाचे जंतू हातावरून कसे पसरतात. मला आईचे हात दिसले, दुखऱ्या सडावरून चांगल्या सडाकडे जाणारे.

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा तांबडीची पाडी, आता वाढून कालवड झालेली, गाभण होती. तिच्या दुधावर माझं शेवटचं वर्ष होणार होतं. तीही बिघडली तर कॉलेज संपलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आई, पाडी व्याली की तिची धार आधी काढ. गाईची नंतर, आणि दुखरं सड अगदी शेवटी. मग हात राखेने घासून धू."

"म्हणजे माझ्या हातांनी गाय बिघडली?"

"तुझ्याच असं नाही. कुणाच्याही हातांनी."

"इतकी वर्षं पिळत्ये मी. मुंबईत गाईचंसुद्धा बी.एस्सी. करतात वाटतं."

तिने मला पेज वाढली आणि चरवी घासायला घेतली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

निघायच्या सकाळी गोठ्यात डोकावलो. ती तांबडीची चांगली सडं पिळत होती. दुखऱ्याला अजून हात लावला नव्हता. शेजारी करवंटीत राख.

"बघतोस काय," ती म्हणाली, "आगबोट चुकेल."

पाडी श्रावणात व्याली. चार सडांची धार रिकाम्या चरवीत आधी टणटणते आणि फेस आला की घुमायला लागते. लहानपणी मी त्या आवाजाने जागा व्हायचो. तांबडीच्या आजारात तो अडखळायला लागला होता. आता पुन्हा सलग झाला असणार, आणि तो ऐकायला मी घरी नव्हतो. पुढच्या मेच्या सुट्टीत गेलो तोवर पाडी आटली होती. चाळीत पहाटे नळाखाली कुणाची बादली वाजली की मी उठून बसायचो आणि नुसताच ऐकत राहायचो. अजूनही बसतो.

पाडीची चारही सडं शेवटपर्यंत चालली. मांडवीची तुटलेली घरं परत आली, वकिलीणबाईंचंही. त्या दुधावर मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला.