आवरलेलं खळं

जोगेश्वरीच्या चढावर आमची बैठी चाळ आहे. चार बाजूंना खोल्यांच्या चार रांगा आणि मधोमध मातीचं मोठं अंगण. त्याला आम्ही खळं म्हणतो. कोकणातून गिरणीत कामाला आलेल्या माणसांनी गावचं सामान फारसं आणलं नाही, पण घरापुढच्या अंगणाला खळं म्हणायची सवय मात्र सोबत आणली. आता चाळीतलं कुणी गिरणीत नाही. कुणी कुरियर पोचवतं, कुणी मॉलमध्ये उभं असतं, मी अंधेरीला एका कंपनीत हिशेब बघते. खळं तेवढं मातीचंच राहिलं, कारण लाद्या बसवायचा विषय निघाला की माझी आई पदर खोचून भांडायला उभी.

"पावसाचा पाणी जातला खंय? तुझ्या ऑफिसात?" असं तिने एकदा चाळ कमिटीच्या सेक्रेटरीला विचारलं होतं. खालच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबतं तेव्हा आमच्या उंबऱ्यांना ओलसुद्धा लागत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

खळ्याला सुट्टी कधीच नसते. सकाळी गाद्या उन्हात पडतात. दुपारी बाबा आणि त्यांच्या म्हाताऱ्या मित्रांचा पत्त्यांचा डाव, डावापेक्षा भांडणच जास्त. संध्याकाळी क्रिकेट. मे महिन्यात फेण्या, पापड, गावाहून आलेल्या रातांब्यांची आमसुलं. चाळीतल्या प्रत्येक पोरीला हळद इथेच लागली आणि गेलेल्या प्रत्येक माणसाला शेवटचं इथेच ठेवलं.

मागच्या मे महिन्यात उपनगराच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा लागला. नकाशा मीच बघून आले. आमचं खळं त्यात राखाडी रंगवलेलं होतं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, रिकामी जागा, वाहनतळासाठी प्रस्तावित. माझं डोकंच फिरलं. रिकामी? तिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही म्हणून रोज कुणी ना कुणी कुणाशी भांडतं! आम्ही सगळ्यांनी सह्या करून हरकत नोंदवली. मग एक दिवस फोन आला की उद्या अकरा वाजता आराखड्याच्या कामावरच्या मॅडम जागा बघायला येतील.

आईला एवढंच ऐकू आलं की पाहुणे येणार.

तिचा स्वभाव मला माहीत होता, तरी दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर ऑफिसला गेले. उरलेल्या दिवसाची रजा काढून अकराच्या आत परतले तर खळं ओळखू येईना. खाटा, गाद्या, पापडांच्या चादरी, स्टंप, कपड्यांच्या दोऱ्या, सगळं घराघरांत कोंबलेलं. पत्तेवाल्यांना "उठा रे मेल्यांनो, आज तरी जरा माणसासारखे वागा" म्हणून घरी पिटाळलेलं. बाबांनी गोरेगावच्या तबेल्यातून बादलीभर शेण आणलं होतं, तेही रिक्षातून. रिक्षावाला सगळ्या रस्त्यात काय बोलला ते बाबा सांगत नाहीत. बायकांनी मिळून अख्खं खळं सारवलं होतं आणि कडेने रांगोळी. खोटं कशाला सांगू, बघून माझाही ऊर भरून आला.

मॅडम आल्या. डोक्यावर टोपी, हातात टॅब. सारवण ओलं बघून बिचाऱ्यांनी चपला कडेलाच काढल्या. इकडे तिकडे नजर टाकून म्हणाल्या, "फार छान ठेवलंय हो. पण इथे काही वापर दिसत नाही."

"वापर?" आई अभिमानाने म्हणाली, "अहो, आज कुणाची हिंमत आहे पाय ठेवायची!"

मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहिलं आणि फोटो काढला. मी घाईघाईने पापड, क्रिकेट, हळदी, सगळं सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण मी जे बघते तेच लिहू शकते ना." मग कोकम सरबत पिऊन, आईचे आभार मानून गेल्या.

"वाट लागली, आई," मी म्हटलं. "जागा रिकामी आहे का ते बघायला त्या आल्या होत्या आणि तू ती रिकामी करून, वर सारवून दिलीस."

त्या रात्री आई जेवली नाही. बाबांनी "होईल गो काहीतरी" म्हटलं, तर कूस बदलून झोपली. सकाळी उठल्या उठल्या मला म्हणाली, "त्यांना फोन लाव."

मी लावला. आईने मोबाइल दोन्ही हातांनी धरला. "मॅडम, पुन्हा एकदा या. पण येताना सांगू नका. सांगितलंत तर माझ्याच्याने राहवणार नाही."

पलीकडून हसू ऐकू आलं. पावसाआधी जमलं तर बघते, म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस आईने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. खळं मुद्दाम पसरलेलं नव्हतं, नेहमीसारखंच होतं, पण आता कुठल्याही क्षणी पाहुणी येणार म्हटल्यावर ते तिच्या डोळ्यांत सलायचं. एखादी गादी गुंडाळायची आणि स्वतःवरच चिडून पुन्हा पसरायची. मला तिची दयाही यायची आणि हसूही.

एका शनिवारी मला सुट्टी होती. आईने केसांना काळी मेंदी लावून वर प्लास्टिकची पिशवी बांधली होती, गाऊनवर बाबांचा जुना शर्ट चढवला होता आणि खाटेवर बसून ती रातांबे फोडत होती. हात कोपरापर्यंत लाल. पलीकडे पत्तेवाल्यांची हमरीतुमरी चालली होती, दोरीवर परकर, उन्हात शेजारच्या नातवाने ओली केलेली गादी. आणि खळ्याच्या तोंडाशी मॅडम उभ्या.

आई झटकन अर्धी उठली. तिने आधी परकरांकडे बघितलं, मग त्या गादीकडे, मग माझ्याकडे. दारात पाहुणं आलं असताना आई बसून राहिली, असं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ती परत खाली बसली.

"बघा मॅडम," ती म्हणाली. "आमचं हे असंच असतं."

मॅडम पापड ओलांडत, चेंडू चुकवत अख्खं खळं फिरल्या. फोटो काढले. शेवटी आईपाशी येऊन म्हणाल्या, "तुमचाही एक घेऊ? या रातांब्यांसकट?"

आईचा हात डोक्यावरच्या पिशवीकडे गेला आणि तिथून रिकामाच खाली आला. "घ्या," ती म्हणाली.

नव्या नकाशात खळं आता हिरवं आहे, वाहनतळ रद्द. अहवालात तो फोटोही छापलाय, खाली लिहिलंय, दररोज वापरात असलेली जागा. तो कुणालाही दाखवायची आईने मला सक्त मनाई केली आहे. स्वतः मात्र दर दोन-चार दिवसांनी माझा मोबाइल मागून घेते, फोटो मोठा करते आणि बराच वेळ बघत बसते.