टरबुजाच्या वाडीतून ध्रुवतारा

“ओ भाऊ! पाय उचला! उचला म्हन्ते ना! वेलावर हायेत तुमी, सडकेवर नाही!”

मी जिथल्या तिथे एका पायावर थांबलो. खांद्यावर ट्रायपॉड, गळ्यात कॅमेरा, काखेत सतरंजी आणि डावा पाय अधांतरी. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. एक बगळा मला भाऊबंद समजून शेजारी उभा राहिला आणि कंटाळून उडून गेला, एवढं मात्र मला पक्कं आठवतं. समोरून काठी घेतलेली एक बाई तरातरा येत होती.

“टरबुजं हायेत खाली,” ती म्हणाली. टरबूज म्हणजे पुण्याकडचं कलिंगड. “उद्या सकाळी तोडा हाये. आज फोडू नका.”

माझा साळा गजू दहा पावलं मागे, पायवाटेवर सुखरूप होता. तिथूनच म्हणाला, “भाऊजी, तुमीच म्हटलं होतं ना, बीच हाये म्हनून?”

म्हटलं होतं, खरं आहे. अकोल्यात मी लग्नाचे फोटो काढतो. वीस-बावीस वर्षांत इतक्या नवरदेवांना ‘हसा’ म्हटलंय, की ते सगळे एकदम हसले तर अकोल्याच्या काचा फुटतील. यंदा कुणीतरी मोबाइलवर कोकणातल्या किनाऱ्यावरचा एक फोटो दाखवला. खाली समुद्र, वर ध्रुवतारा आणि त्याच्याभोवती बाकीच्या ताऱ्यांच्या गोल गोल रेघा. चहाच्या टपरीवर दहा जणांसमोर मी बोलून गेलो, “यात काय? आठ दिवसांत असा फोटो माझ्या स्टुडिओत लागलेला दिसंन.” बोललो, आणि मग नकाशा उघडला. आमच्या वऱ्हाडाला समुद्र द्यायचा देव विसरला. पण मोर्शीजवळच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं आणि मऊ गाळाचा, वाळूचा लांबच लांब काठ उघडा पडतो. तोच आमचा किनारा, असं मी ठरवून टाकलं.

अमावास्येच्या दिवशी दुपारी गजूच्या गाडीतून निघालो. ऊन असं, की डांबरावर पापड टाकला असता तर भाजून परत हातात आला असता. मूर्तिजापूरला चहा प्यायला उतरलो, तेव्हा आभाळात रुमालाएवढा एक ढग दिसला. अमरावती येईपर्यंत तो माझ्या डोक्यात सतरंजीएवढा झाला होता. अमरावतीत गजूने गिला वडा (दह्यात बुडवलेला वडा) मागवला आणि चार प्लेटा संपवल्या. मी एकही घास न खाता दर मिनिटाला दुकानाबाहेर जाऊन वर बघत होतो. दुकानदाराने शेवटी विचारलंच, “काका, कोनाची वाट पाहून राहिले? विमानानं येनार हाये का कोनी?” मोर्शीकडे वळलो, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या, आणि तो ढग कुठेतरी विरघळून गेला. तरी माझी मान खाली येईना.

तर अशा रीतीने दिवस मावळताना मी त्या काठीवाल्या सुभद्राबाईंच्या वेलावर पाय ठेवला.

पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. मी ज्याला किनारा समजत होतो तिथे थेट पाण्यापर्यंत टरबुजाच्या ओळी गेलेल्या होत्या. दर दोनेकशे पावलांवर एक खोपडी (गवताची झोपडी) आणि प्रत्येक खोपडीसमोर बांबूवर एक दिवा. जिकडे बघावं तिकडे उजेड! ताऱ्यांचा फोटो काढायला अंधार लागतो, आणि मी साऱ्या मोर्शी तालुक्यातल्या सगळ्यात उजेडाच्या जागी येऊन उभा राहिलो होतो.

“हे दिवे रातभर राह्यतात?” मी विचारलं.

“मंग? डुक्करं येतात ना बाप्पा.” सुभद्राबाईंनी पलीकडच्या वाडीकडे काठी दाखवली. “परवा रात्री त्या वाडीत शिरले. खाल्लं थोडं, फोडलं जास्त. चार महिन्यांचं काम एका घंट्यात गेलं.”

त्यांचे यजमान उद्याचा मेटॅडोर ठरवायला गावात गेले होते. एका रात्रीचीच जागल (रात्रीची राखण) उरली होती आणि ती एकट्या बाईंवर होती. हे ऐकून शहाण्या माणसाने सतरंजी गुंडाळून घर गाठलं असतं. मी मात्र टपरीवरचे ते दहा जण आठवले आणि हात जोडले. “बाई, चाळीस मिनिटं. फक्त तुमचा दिवा. बाकीचे दिवे बाजूले नाही तं पाठीमागं हायेत, ते चालतीन.”

“आन डुक्कर आलं तर?”

“तर मी त्याच्यासमोर उभा राहीन.”

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “मंग तर ते तुमालेच खाईन.” तिकडे गजू खो खो हसला.

पण बाई मनाने मोठ्या. आधी त्यांनी आम्हाला भाकर, वांग्याची भाजी आणि असा ठेचा वाढला, की पहिल्या घासाला माझे केस उभे राहिले आणि दुसऱ्या घासाला जे नव्हते तेही उभे राहिले. मग खोपडीच्या दारातल्या माठातलं पाणी देऊन त्यांनी अट सांगितली. दिवा विझला की त्या काठी घेऊन अंधारात वाडीच्या कडेने फिरत राहणार. खोपडीपाशी बसून हाळी (लांबची आरोळी) मी द्यायची.

या हाळीचा कायदा असा. काठाच्या वरच्या टोकाची खोपडी ओरडते, “जागेऽऽ?” पुढची खोपडी ओरडते, “जागेऽऽ!” आणि तीच विचारणा खाली पाठवते. अशी ती हाळी टोकापर्यंत जाते. एखाद्या खोपडीतून उत्तर आलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारत नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक बॅटऱ्या, काठ्या, डबे घेऊन सरळ धावत येतात. एका वर्षी राखण्याला साप चावला होता आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, तेव्हापासूनचा हा कायदा.

“ध्यान ठेवा,” बाई म्हणाल्या. “तुमी चूप बसले, का सारा काठ अठी येते.” आणि त्यांनी तोंडाला हात लावून वरच्या वाडीला कळवलं, “आज माह्या बदली फोटूवाले हाळी देनार हायेतऽऽ!” अंधारातून हसण्याची एक लाट खोपडीमागून खोपडी पार खालच्या टोकापर्यंत गेली.

दिवा विझला. आणि काय सांगू! इतके तारे होते, की त्यांना उभं राहायला जागा नसावी. पाण्यातही तेवढेच. ध्रुव मधोमध धरून मी शटर उघडलं. आता ते चाळीस मिनिटं उघडंच राहणार; तेवढ्यात कॅमेऱ्यासमोर कुणी बिडी पेटवली तरी फोटो संपला.

पहिली हाळी आली. “जागेऽऽ?” मी असा ओरडलो, की अमरावतीत कुणीतरी झोपेतून उठून दार उघडलं असेल. दुसऱ्या हाळीलाही दिलं उत्तर. गजू सतरंजीवर घोरत होता. तिसऱ्याच्या आधी मात्र माझ्या डोक्यात नको ते शिरलं. पलीकडच्या वाडीतला तो चिखल मी येताना पाहिला होता. फुटलेल्या टरबुजांचा लाल चिखल. तसा इथे झाला तर सकाळी मेटॅडोर येणार, रिकामा जाणार, आणि सुभद्राबाई माझ्याकडे बघणार. भांडल्या तर बरं. पण नुसत्याच बघत राहिल्या तर? बांबूवरचं दिव्याचं बटन कुठे आहे, ते मी अंधारात दोनदा चाचपून पाहिलं. लावावा का? तेवीस मिनिटं झाली होती. आणखी सतरा. तारे काही कुठे पळत नव्हते, पण ते दहा जण...

तेवढ्यात मागे खसखस झाली.

वाळलेल्या वेलांवर काहीतरी जड पडत होतं. थांबत होतं. पुन्हा पडत होतं. मग माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, घटाघट, घटाघट असा आवाज, आणि त्यानंतर एक लांब उसासा. मे महिन्याची रात्र, आणि माझे दात वाजत होते.

“जागेऽऽ?”

मी तोंड उघडलं. आत आवाज नव्हता. पुन्हा उघडलं. वारा आत गेला, बाहेर काही आलं नाही.

मग जे झालं ते दोन-चार श्वासांत झालं. वरून बॅटऱ्या, खालून बॅटऱ्या, डब्यांचा खडखडाट, कुत्री, शिव्या. “कोन हाये? काय झालं? साप हाये का?” उजेडाचे झोत कॅमेऱ्यासमोरून असे गेले जसे वरातीतले दिवे. आणि त्यातला एक झोत वाडीच्या खालच्या कोपऱ्यावर पडला. कुणीतरी किंचाळलं, “डुक्करं! डुक्करं शिरले!” मी पन्नास मोजली, गजू म्हणतो सहा. अंधाराचे गोळे उधळले, कुंपण मोडून झाडोऱ्यात गेले. काठ्या घेऊन सगळे मागे धावले आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढे सुभद्राबाई होत्या.

सकाळी मोजदाद झाली. दोन टरबुजं फुटलेली, बाकी वाडी शाबूत. डुकरं कोपऱ्यातून नुकतीच आत घुसली होती. आणखी थोडा वेळ कुणी गेलं नसतं तर परवासारखंच झालं असतं, असं वरच्या वाडीचे आजोबा म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारून ते पुढे म्हणाले, “फोटूवाले हुशार! ओरडला असता तर आमी कायले आलो असतो? चूप बसून सारा काठ बलावला.”

मी नम्रपणे खाली पाहिलं. नाही म्हणावं असं त्या क्षणी मनात आलं होतं. पण मेटॅडोर भरत होता, बाई हसत होत्या, फुटलेल्यांपैकी अर्धं टरबूज माझ्या हातात होतं, आणि तोंड भरलेलं असताना बोलू नये अशी आमच्या घरची शिकवण.

परतीच्या वाटेवर माझी मान पहिल्यांदा खाली आली आणि रस्ता दिसला. आभाळ बघायला म्हणून गेलो होतो, पण लक्षात राहिलं ते वेगळंच. रात्रभर ही माणसं एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, जागा आहेस ना, आणि उत्तर आलं नाही की चर्चा न करता धावत सुटतात. अकोल्यात माझ्या गल्लीत मी आठ दिवस चूप बसलो, तर लोक म्हणतील, बरं झालं.

फोटो स्टुडिओत लागला. ताऱ्यांच्या रेघा अर्ध्याच, आणि त्यांवरून बॅटऱ्यांचे आडवे फराटे. त्याची गोष्ट मी टपरीवर इतक्यांदा सांगितली, की डुकरं पन्नासाची दोनशे झाली आणि वासावरून मला त्यांची चाहूल अर्धा तास आधीच लागू लागली. एकाला मात्र पटेना. म्हणून सगळ्यांसमोर मी सुभद्राबाईंना फोन लावला, स्पीकर मोठा केला आणि म्हणालो, “सांगा बाई या लोकाइले, डुक्करं आले तवा मी हाळी काहून नाही देली?”

पलीकडून बाई म्हणाल्या, “मी तुमच्या मागं माठातलं पानी पिऊन राहिली होती, भाऊ, डुक्करं तर तिकडल्या कोपऱ्यात होते.”